खडूची रेघ आणि जुनी व्हॅन

तळ्याकाठी राहणाऱ्या मित्राच्या पत्राला काकांनी अजून उत्तर दिलं नव्हतं. ‘होडी घेऊन या, मुलांनाही आणा,’ एवढंच त्यात होतं. पण एखादी गोष्ट लेखी कबूल करायची म्हटली की काकांचा हात जड व्हायचा. आधी होडीला रंग द्यायचा राहिला होता, मग ट्रेलरची चाकं बदलायची होती. आता व्हॅनला मागे ट्रेलर जोडायचा लोखंडी हिच बसवायचा होता. सुट्टी मात्र संपत आली होती.

शेवटी गॅरेजमध्ये हिच बसला. दुकानातला सगळ्यांत दणकट हिच काकांनीच निवडला होता. “हत्ती बांधा मागे, हत्ती,” असं म्हणून गॅरेजवाले दुसऱ्या गाडीकडे वळले.

काकांनी रिकामा ट्रेलर जोडून पाहिला. त्याचं नाक हिचवर टेकलं, तेव्हा शेंडेफळ चिमणी व्हॅनमध्ये मागेच बसली होती. पायाखालचा पत्रा डबा दाबल्यासारखा कुरकुरला, असं ती खाली उतरून सांगू लागली. चष्म्यामुळे ढापण्या हे नाव पडलेल्या तिच्या भावाने लगेच काल तिने खाल्लेल्या केकची आठवण काढली. मोठ्या ताईने मात्र त्यालाच व्हॅनखाली पिटाळलं.

तो बाहेर आला तेव्हा चष्म्याला ग्रीस लागलं होतं आणि चेहऱ्यावरचं हसू गेलं होतं. हिचचे बोल्ट गाडीच्या जाड सांगाड्यात नव्हतेच. ते वरच्या पातळ पत्र्याला भोकं पाडून बसवले होते. सांगाड्याची मूळची भोकं चिखलाने बुजून शेजारी रिकामीच होती.

“सांगितलं तर जाणं रद्द होईल,” चिमणी हळूच म्हणाली.

“आणि घाटात होडी सुटली तर? मागून कोण येत असेल, माहीत आहे?” ताईने विचारलं.

 सांगायचं ठरलं. पण मुलांचं ऐकून काका गॅरेजवाल्यांना विचारणार, आणि ते पुन्हा हत्तीची गोष्ट काढणार. तेव्हा ताईने खडू आणला, बंपरवरून थेट हिचपर्यंत एक आडवी रेघ ओढली आणि ट्रेलर सोडवायला लावला.

“दादा, तुम्ही वर उभे राहिलात तर हा हिच पेलेल का हो तुम्हाला?” तिने गॅरेजवाल्यांना अगदी भोळेपणाने विचारलं.

गॅरेजवाले अंगाने भरभक्कम होते. ते हसतच हिचवर चढले आणि वर दोन उड्याही मारल्या. आतून कर्र असा आवाज आला. रेघेचा बंपरवरचा तुकडा जागेवरच राहिला आणि हिचवरचा बोटभर खाली आला.

काकांनी स्वतः व्हॅनमध्ये जाऊन खाली अंथरलेली सतरंजी उचलली. बोल्टांभोवतीचा पत्रा फाटायला लागला होता.

गॅरेजवाल्यांनी हात पुसले. मग त्यांनी सांगून टाकलं, की हा हिच नव्या व्हॅनचा, या जुन्या गाडीच्या भोकांशी जुळेना, आणि गिऱ्हाईक तर खोळंबलेलं.

“मी तरी कुठे विचारलं? मोठा दिसला म्हणून उचलला,” काका म्हणाले.

मग याच जुन्या व्हॅनसाठी बनवलेला हिच दुकानातून आणला. तो एवढा किरकोळ दिसत होता की काका पुन्हा शंका काढू लागले. ढापण्याने त्यावर कोरलेलं वजन वाचलं, होडी आणि ट्रेलरचं वजन त्याच्याशी ताडून पाहिलं आणि चिंतेचं कारण नाही असं जाहीर केलं. सांगाड्याच्या भोकांतला चिखल निघाला आणि बोल्ट सरळ आत गेले. फाटलेल्या पत्र्यालाही गॅरेजवाल्यांनी पैसे न घेता ठिगळ लावलं.

नवी रेघ चिमणीने ओढली. या वेळी सगळेच एकदम हिचवर चढले. व्हॅनचा मागचा भाग अख्खा खाली बसला, पण रेघ एकसंध राहिली.

“तिघं माझ्याकडे कामाला या,” गॅरेजवाले म्हणाले. “फक्त मला परत त्याच्यावर उभं करू नका.”

काकांनी मुलांच्या पाठीवर एकेक थाप दिली. ते म्हणाले, की जाणं रद्द होईल हे माहीत असून तुम्ही बोललात, मला ते जमलं असतं की नाही कोण जाणे. मग व्हॅनच्या बॉनेटवर पोस्टकार्ड ठेवून त्यांनी एका दमात लिहिलं: ‘रविवारी येतो. होडीसकट, मुलांसकट.’

कोपऱ्यावरच्या टपालपेटीत ते चिमणीने टाकलं. कार्ड तळाला पडल्याचा आवाज आला, तेव्हाच काकांनी व्हॅन सुरू केली.