चार मिनिटं, चहा नाही

चिंचवडच्या वाचनालयात रविवारी सकाळी येतात ती स्पर्धा परीक्षेची मुलं, नाहीतर पंख्याखाली पेपर वाचणारे आजोबा. त्यामुळे दुष्काळी कामांच्या जुन्या अहवालावर एकाच वेळी दोन हात पडले, तिचा आणि एका अनोळखी माणसाचा, तेव्हा श्रद्धाला संशय आला.

"तुम्ही सोपानराव तर नाही?" तिने डोळे बारीक करून विचारलं.

"सोपानराव अडुसष्ट वर्षांचे आहेत," तो म्हणाला. "मी एवढा... थकलेला दिसतो?"

दिसत नव्हता. पण श्रद्धाला त्या क्षणी सगळं जगच सोपानरावांच्या बाजूचं वाटत होतं. ऑनलाइन ज्ञानकोशात तिच्या मूळ गावाचा, आंबेखडीचा, लेख होता. त्यात लिहिलं होतं की गावची मोठी विहीर पाटलांनी बांधली. खोदली होती ती गावकुसाबाहेरच्या वस्तीने, तिच्या पणजोबांनी, धोंडीबांनी. आणि पाणी लागल्यावर त्यांनाच तिथे शिवू दिलं नव्हतं. श्रद्धा सकाळी हे लिहायची, पाटलांच्या घरातले निवृत्त मास्तर सोपानराव संध्याकाळी खोडायचे. तीन महिने हेच. शेवटी कुणालाच बदल करता येऊ नये म्हणून लेखाला कुलूप लागलं आणि 'बांधावरचा' नावाचा कुणी स्वयंसेवक मध्यस्थ म्हणून आला.

"मग हा अहवाल तुम्हाला कशाला हवाय?"

त्याने अहवालावरचा हात काढला. मग पुस्तक हळूच तिच्याकडे सरकवून म्हणाला, "मीच तो बांधावरचा. आणि एका बाजूशी असं एकट्याने बोलणं बरं नव्हे. तुम्ही आधी वाचा... मी निघतो."

दारापर्यंत जाऊन तो परत आला. "नाव प्रज्वल. एवढं सांगायला हरकत नसावी."

संध्याकाळी लेखाच्या चर्चापानावर त्याची नोंद होती – 'आज वाचनालयात एका पक्षाशी योगायोगाने भेट झाली. चार मिनिटं बोललो. विहिरीचा विषय निघाला नाही. चहा घेतला नाही. कुणाची हरकत असल्यास मी बाजूला होईन.'

श्रद्धाला हसू आवरेना. चाकणच्या कंपनीत ती क्वालिटीला होती. दिवसभर दुसऱ्यांच्या चुका केसाच्या जाडीने मोजायची. स्वतःला इतक्या बारकाईने मोजणारा माणूस मात्र तिने पाहिला नव्हता. सोपानरावांनीही हरकत घेतली नाही.

पुढच्या रविवारी तो आला. दुसऱ्या टेबलावर बसला. त्याच्या पुढच्याही रविवारी. खिडकीशी पाऊस बारीक वाजत होता आणि श्रद्धाला एकच पान चौथ्यांदा वाचावं लागत होतं.

"मोशीत जोर आहे का पावसाला?" तिने न राहवून विचारलं. तो मोशीहून यायचा, हे तिने बसच्या भिजलेल्या तिकिटावर पाहिलं होतं.

"हा प्रश्न... वादात मोडतो."

"पाऊस?"

"विहिरीत पडतो ना. जपून राहिलेलं बरं."

तो खाली बघूनच बोलला, पण त्याचे कान लाल झाले होते.

वाद मिटवायची त्याची रीत मात्र कडक होती. दोघांनी आपापली नाही, समोरच्याची बाजू लिहायची. आणि 'होय, मला हेच म्हणायचं होतं' असं समोरचा म्हणेपर्यंत लिहीत राहायचं. श्रद्धाने रागारागाने दोनदा लिहिलं, सोपानरावांनी दोनदा परत पाठवलं. तिसऱ्यांदा तिला उमगलं, की म्हाताऱ्याला विहिरीसाठी जमीन देणाऱ्या वडिलांचं नाव पुसलं जाण्याची भीती वाटतेय. तिने तसं लिहिलं. 'होय,' एवढंच उत्तर आलं.

सोपानरावांनी लिहायची तिची बाजू मात्र काही येईना. घरी पप्पा, नागसेन कांबळे, रोज जेवताना मोबाइल पुढे करायचे. "आलं का गं आजोबांचं नाव?"

"येईल, पप्पा. मध्यस्थ चांगला आहे."

आणि त्याच आठवड्यात चर्चापानावर नोंद आली – 'एका पक्षाविषयी माझं मन आता तटस्थ राहिलेलं नाही. म्हणून मी या मध्यस्थीतून बाजूला होत आहे. प्रज्वल.'

श्रद्धाने पहिली शिफ्ट सुटताच स्कूटी काढली, ती थेट त्याच्या कुरुळीच्या कंपनीच्या गेटवर थांबवली; कंपनीचं नाव तिने त्याच्या पिशवीवर वाचलं होतं. तो ग्रीसने माखलेले हात पुसत बाहेर आला.

"हातातोंडाशी आलेला घास होता," ती म्हणाली. "आता नवा माणूस येणार, पुन्हा पहिल्यापासून सुरू. तुम्ही असं का केलंत?"

"मी निकाल दिला असता, तर कधीतरी कुणीतरी म्हणालं असतं, ते वाक्य प्रेमापोटी आलंय." तो म्हणाला. "धोंडीबांचं नाव अहवालाच्या जोरावर यावं. माझ्या नको."

प्रेम हा शब्द त्याने असा मध्येच उच्चारला होता, आणि तो उच्चारल्याचं त्याच्या बहुतेक लक्षातही आलं नव्हतं. श्रद्धाच्या आलं होतं. तिने स्कूटी वळवली.

नवा मध्यस्थ आला. नवव्या दिवशी सोपानरावांनी तिची बाजू लिहिली – 'मी सात वर्षांचा असताना आई विहिरीवर उभी राहून वस्तीतल्या बायकांच्या घागरीत उंचावरून पाणी ओतायची. ते मी पाहिलं आहे. आठवणीला पुरावा नसतो, म्हणून ही लेखात जाणार नाही. पण खोदकाम धोंडीबा व वस्तीतील अकरा जणांनी केलं, हे अहवालात छापलेलं आहे. ते मी खोडत होतो. आता मीच लिहितो.'

श्रद्धाने लगेच उत्तर दिलं, 'होय.' कुलूप निघालं. धोंडीबांच्या वाक्याशेजारी सोपानरावांच्या वडिलांनी दिलेल्या जमिनीचंही वाक्य राहिलं. ते तिनेच टाकलं होतं.

पप्पांनी धोंडीबांचं वाक्य दोनदा मोठ्याने वाचलं आणि चष्मा पुसत बसले. मग म्हणाले, "तो पहिला मध्यस्थ कोण गं?"

"आहे एक," श्रद्धा म्हणाली. "रविवारी विचारून सांगते."

रविवारी प्रज्वल नेहमीच्या टेबलावर होता. ती आपल्या टेबलाकडे गेलीच नाही. त्याच्या समोरची खुर्ची ओढून बसली.

"वाद मिटला," ती म्हणाली.

"वाचलं मी."

"माझंही मन तटस्थ नाहीये. केव्हापासूनच."

प्रज्वलने हातातलं पुस्तक मिटलं; पान कुठलं होतं, तेही पाहिलं नाही. "मग आता... चहा घ्यायचा?"

"घेऊ. पण तू कुठेही नोंद करायची नाहीस."