उरलेलं पद

भोकरदनच्या केबलवर भंवरलाल शेटनी गाण्याची स्पर्धा ठेवली, तेव्हा अट एकच होती: थेट गायन. कॅसेटवर ओठ हलवणारा सापडला की स्टेजवरून खाली, तेही कॅमेरा चालू ठेवून. पहिल्या स्पर्धकानं थेट गायलं आणि कॅसेटचं महत्त्व सगळ्या मंडपाला पटलं.

आवाजाच्या मशीनवर मीच होतो. त्यामुळं आमची चोरी सोपी होती.

बेबीनंदामावशी पिंपळगाव रेणुकाईची. देवीची पदं म्हणावीत तर तिनं. तिच्या गळ्यातली गाठ काढायची ठरली, तेव्हा डॉक्टर म्हणाले, गाठीसोबत आवाजही जाईल. स्पर्धा ऑपरेशननंतर होती. टीव्हीवर एकदा गायचं, लोकांच्या कानात तो आवाज राहावा, एवढंच तिला हवं होतं. म्हणून पद आधीच कॅसेटवर घेतलं.

"अर्ध्यात तोडू नको रे भुजंगा," ती म्हणाली. "देवीचं पद हाय. धरलं की पुरं करावं लागतंय."

"तीन मिनिटांचा नियम हाय, मावशे. देवीला सांग."

"तूच सांग."

तीन मिनिटं होताच मी बटण दाबून कॅसेट थांबवली, पद अर्धंच राहिलं. तीही थांबली. घसा दुखून राह्यल्ता तिचा.

स्पर्धेच्या दिवशी भर दुपारी तिचा नंबर आला. हिरवं लुगडं, टाके झाकायला गळ्याभोवती पदर. मी कॅसेट लावली. ओठ बराबर जुळत होते. परीक्षक रामराव डोळे मिटून डोलत होते.

कॅसेट संपली. खट्‌ झालेलं मी स्वतः ऐकलं.

गाणं थांबलं नाही.

पुढचं कडवं आलं. ते मी कधी घेतलंच नव्हतं. माइकसमोर मावशीचं तोंड घट्ट मिटलेलं, आणि ती माझ्याकडं बघत होती, जणू मीच काहीतरी केलंय. मी स्पीकरची वायर उपटली.

शेजारचा कचरू म्हणाला, "आवाज वाढवला का रे?"

"वायर हातात हाय माझ्या."

"मंग अशीच धर. लई भारी यायलंय."

आवाज स्पीकरमधून नव्हता. खुर्चीच्या लोखंडात होता, माझ्या दातांत होता. माणसं डोळे मिटून एकेक करून उभी राहिली. चपला काढल्या. शेटनी हात जोडले. पकडले जाऊ ही भीती होती, तरी मला वाटलं, हे संपूच नये.

पद पुरं झालं. टाळी कुणीच वाजवली नाही.

रामराव म्हणाले, "ह्याला म्हणायचं थेट."

खरी धास्ती रविवारची. त्या दिवशी स्पर्धेचं शूटिंग केबलवर दाखवणार होते, आणि मावशीचं मिटलेलं तोंड सगळा तालुका बघणार होता. मी तिच्या घरी जाऊन बसलो. पण नेमक्या त्या जागी कॅमेरा तिच्यावरून लोकांकडं वळला होता.

सगळ्यांचे ओठ हलत होते.

शब्दाला शब्द. भंवरलाल शेटचे. रामरावांचे. आईच्या कडेवरच्या तान्ह्या लेकराचे. कडेला मी, हातात वायर. माझेही.

मला ते पद येत नाही.

मावशीनं टीव्ही बंद केला. ती जवळ सरकली, माझ्या गळ्यावर दोन बोटं ठेवली, गाणं ऐकावं तसे डोळे मिटले, आणि दुसऱ्या हातानं मांडीवर ताल धरला.