फुटाला इंच

कोर्टाच्या आवारात उभ्या असलेल्या मोटारीत बसून कादंबरी वाचायची, ही कल्याणीची सवय बेळगावच्या यच्चयावत वकिलांना माहीत होती. परगावच्या माणसाला माहीत असायचं काही कारण नव्हतं. कॉलेज सुटलं की ती चालत इकडं यायची, वडिलांचं काम आटपेपर्यंत मागच्या सीटवर ऐसपैस बसायची आणि बाजूचे कॅनव्हासचे पडदे ओढून घ्यायची. त्या दिवशी श्रावणातली भुरभुर चालू होती. कादंबरीतली नायिका नुकती कुठं तळ्याकाठी पोचली होती, तेवढ्यात पडद्याच्या फटीतून शिंप्याची टेप आत सरकली आणि तिचं टोक सरळ पुस्तकाच्या पानावर येऊन पडलं.

कल्याणीनं ते टोक चिमटीत धरलं. बाहेरून कुणीतरी ओढलं. हिनं सोडलं नाही. बाहेर थोडा विचार झाला असावा... मग पुन्हा एकदा, जरा घाबरतच, टेप ओढून पाहण्यात आली.

“आत कोण हाय काय?” बाहेरचा आवाज म्हणाला.

“आहे. तुम्ही कोण? मोटारीला सदरा शिवताय?”

पडदा बाजूला झाला. कानावर पेन्सिल, केसांतून ओघळणारं पाणी, आणि चोरी पकडली गेल्यासारखा चेहरा. डोळे मात्र छान होते – हे तिनं लगेच पाहिलं आणि पाहिलंच नाही असं दाखवलं.

“सदरा न्हाय जी,” तो म्हणाला. “मोटार घरी न्यायचीय.”

“चोरून?”

“लहान करून.”

कल्याणीनं टेपचं टोक सोडून दिलं.

त्याचं नाव रघुवीर. निपाणीत त्याच्या आप्पांची, म्हणजे चुलत्यांची, तंबाखूची वखार होती. वखारीशेजारच्या बोळावरून शेजाऱ्याशी दावा चालला होता, आणि आप्पांचे वकील होते कल्याणीचे वडील, चिंतामणराव. तारखेला आप्पा आत बाकावर जांभया देत बसायचे आणि पुतण्या बाहेर मोटारी मोजत फिरायचा. त्याला हौसच तेवढी होती. खरी मोटार टेपनं मोजायची आणि फुटाला इंच या हिशोबानं तिची हुबेहूब धाकटी बहीण तयार करायची. पत्रा रॉकेलच्या डब्याचा, चाकं जुन्या टायरच्या रबराची, दिव्यांच्या जागी शिंपल्याची बटणं. निपाणीत उतारू घेऊन येणारी सर्व्हिस मोटार त्यानं केली होती, दवाखान्याच्या डॉक्टरांची केली होती. आता चिंतामणरावांच्या मोटारीवर डोळा होता.

“मोटारीवरच ना?” कल्याणीनं विचारलं.

तो लाजला. कानाच्या पाळ्या लाल झाल्या की पुरुष फार बरे दिसतात, असं तिचं त्या दिवसापासून मत झालं.

मग तारखा पडत गेल्या. कोर्टात कुणी हजर नव्हतं म्हणून पडली, जज्जसाहेब रजेवर गेले म्हणून पडली, दसऱ्याची सुट्टी आली म्हणून पडली. दर तारखेला रघुवीर एका लाकडी पेटीतून मोटार घेऊन यायचा आणि दर तारखेला ती थोडी थोडी वाढलेली असायची. पेटी उघडली की तंबाखूचा उग्र वास यायचा. कल्याणी नाक मुरडायची आणि आणखी पुढं वाकायची. ड्रायव्हर भरमू अशा वेळी मोटारीकडं पाठ करून पानाला चुना लावत बसे. एवढा वेळ चुना लावलेलं पान खाऊन त्याचं तोंड कसं भाजलं नाही, देव जाणे.

मोटार सुरू करायला पुढं घालून फिरवायच्या हँडलसाठी रघुवीरला पाहिजे तशी तार मिळेना. कल्याणीनं केसातला आकडा काढून दिला. त्यानं तो घेतला, तळहातावर ठेवून बराच वेळ पाहिला आणि म्हणाला, “वाकवायला जिवावर येतंय.”

“मग नका वाकवू. दुसरा देते.”

“दुसरा द्या... ह्यो ऱ्हाऊ दे माझ्याजवळ.”

त्या संध्याकाळी अर्धा अंबाडा सुटलेल्या लेकीला पाहून आईनं दोन शब्द सुनावले. कल्याणीनं ते कौतुक ऐकावं तसे ऐकून घेतले.

आता तिला एकच धास्ती होती. दावा निकाली निघाला की निपाणीचा माणूस निपाणीत. कशाला येईल तो परत बेळगावला? शिवाय आईनं धारवाडच्या एका स्थळाकडं पत्रिका धाडायचं मनात घेतलं होतं. एके रात्री जेवताना कल्याणीनं सहज विचारल्यासारखं करून विचारलं, निपाणीच्या बोळाचा दावा अजून किती चालेल? लेकीला कायद्यात गोडी लागली म्हणून चिंतामणराव खूश झाले. म्हणाले, कागद आपल्या बाजूचे आहेत, जिंकणार आपणच, पण तीन-चार वर्षं सहज जातील. कल्याणीनं आणखी भात वाढून घेतला. वडिलांनी दावा जिंकावा असं कुठल्याही मुलीला वाटतं. हिला तो नुसता चालावा असं वाटत होतं.

आणि कार्तिकातल्या एका दुपारी चिंतामणराव कपाळाला आठ्या घालून घरी आले. टोपी खुंटीवर न अडकवता पलंगावर फेकली. दावा मिटला होता. आप्पा बोळ सोडून द्यायला तयार झाले होते. उद्या कोर्टात तडजोड दाखल व्हायची होती. “त्या पुतण्यानंच म्हाताऱ्याच्या कानीकपाळी ओरडून मिटवायला लावलं,” ते आईला सांगत होते. “जिंकलेला दावा होता गं.”

कल्याणी माजघरात उभी होती, तिथंच खाली बसली. त्यानंच मिटवला. म्हणजे त्यालाच यायचं नव्हतं. तिला रडू आलं, आणि रडू आलं याचा राग आला.

दुसऱ्या दिवशी ती मोटारीत बसली, पडदे ओढले आणि पुस्तक उलटं धरून वाचू लागली. रघुवीर आला. पेटी उघडल्याचा आवाज आला, तंबाखूचा वास आला, तरी तिनं मान वळवली नाही.

“पुरी झाली बघा,” तो म्हणाला.

“झाली ना? मग न्या घरी. तुमचाही कंटाळा संपला एकदाचा.”

“व्हय. लई कंटाळा आलता.”

हे मात्र फारच झालं. तिनं फाडकन पडदा सरकवला. तो समोर उभा होता, हातात ती इवलीशी काळी मोटार, आणि कानाच्या पाळ्या लाल.

“तारखेला यायचं आन् तारखेला जायचं, ह्याचा कंटाळा आलता,” तो सावकाश बोलला. “दसऱ्याला मी आप्पांना सांगितलं होतं तुमच्याबद्दल. त्यांनी वकीलसायबांकडं आडून चौकशी केली. सायेब म्हणाले, दावा चालू हाय तवर पक्षकाराला माझ्या घरचा चहा न्हाय आन् पक्षकाराशी सोयरीकबी न्हाय. उद्या लोकांनी नावं ठेवाय नकोत. आप्पा म्हणाले, मग थांब तीन-चार वर्षं. मला न्हाय थांबवत.”

कल्याणीनं उलटं धरलेलं पुस्तक मिटून ठेवलं. मग तिनं हळूच विचारलं, “आणि बोळ? तुमच्या गाड्या कुठून जाणार आता?”

“मारुतीच्या देवळावरनं. वळसा पडतोय... पडू दे. आप्पा लई चिडलेत, पण चार दिसांत विसरतील. आता मी कुणाचा पक्षकार न्हाय. ऐतवारी आमी दोघं तुमच्या घरी येतोय. पर आधी तुमाला इचारतो. तुमी नको म्हटलं, तर न्हाय येणार.”

तेवढ्यात चिंतामणराव पायऱ्या उतरून आले. मोटारीपाशी उभा असलेला माजी पक्षकार, त्याच्या हातातली मोटार, आणि लेकीचे भरलेले डोळे – सगळं त्यांनी पाहिलं. वकिलाला साक्षीदाराचा चेहरा वाचायला वेळ लागत नाही.

“काय चाललंय?” त्यांनी विचारलं.

कल्याणीनं रघुवीरच्या हातातून ती छोटी मोटार घेतली आणि आपल्या मांडीवर ठेवली.

“अण्णा,” ती म्हणाली, “रविवारी आपल्याकडं पाहुणे यायचेत. निपाणीचे. मी या म्हटलंय.”

भरमूच्या हातातलं पान तसंच राहिलं. चिंतामणरावांनी ती लहान मोटार उचलून डोळ्यांजवळ धरली, फिरवून पाहिली, चाकाला बोट लावलं. चाक गरगर फिरलं. त्यांनी ती होती तिथं, लेकीच्या मांडीवर, परत ठेवली.

“बोळ आपलाच होता हो,” ते रघुवीरला म्हणाले.

“व्हय जी. ठाऊक हाय.”

“बरं.” त्यांनी पुढचं दार उघडलं. “बसा. निपाणीच्या गाडीपर्यंत सोडतो. आप्पांनाही हाक मारतो.”

इतके महिने बाहेरून मोजलेल्या मोटारीत रघुवीर पहिल्यांदा चढला, आणि बसताच त्याचे दोन्ही गुडघे समोरच्या फळीवर आपटले. चिंतामणराव आप्पांना हाक मारायला वळले होते.

“धाकट्या मोटारीतली सीट चुकली माझी,” तो मागं न बघता कुजबुजला. “आतलं समदं अंदाजानं केलंय. तुमी बसलेल्या असायच्या... टेप कशी लावायची?”

“मग रविवारी येताना टेप घेऊन या,” कल्याणी म्हणाली. “मी खाली उतरून उभी राहीन.”