शेवटची बोली

मे महिन्यातली दुपार. अमरावतीच्या साईनगरात रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. कूलरच्या पुढ्यात बसून आरती मोबाइलवर आरामखुर्ची शोधत होती. आईचे, आशाबाईंचे, गुडघे पार गेले होते. हिवरखेडहून लेकीकडे राहायला आल्यापासून त्यांचं एकच म्हणणं, "मले एक खुर्ची पाहून दे वं. या सोफ्यातून उठनं होत नाही."

एका लिलावाच्या साइटवर सागवानी खुर्ची दिसली. विकणारी बाई अकोल्याची. आरतीने बोली लावली, पण ती भाळली नव्हती. अकोल्यातल्या तिच्या धाकट्या भावाला, गजेंद्रला, गेल्या वर्षी अशाच लिलावाने बुडवलं होतं. जप्तीची गाडी स्वस्तात मिळतेय म्हणून त्याने अनामत भरली; गाडी तर आली नाहीच, साइटही नाहीशी झाली. तेव्हापासून आरती ताकही फुंकून पीत होती. वस्तू पाहिल्याशिवाय पैसे नाहीत. घाई करणाऱ्याला नाहीत. साइट सोडून परस्पर कुणाच्या खात्यावर तर मुळीच नाहीत.

तिने आणखी फोटो मागितले.

ते लगेच आले. खुर्ची समोरून, मग मागून. पुढच्या फोटोत बैठकीची वेताची वीण मधोमध दबलेली होती, कुणी आत्ताच उठून गेल्यासारखी. त्यानंतरच्या फोटोत खुर्चीच्या हातावर चष्मा होता. एक काडी पांढऱ्या दोऱ्याने बांधलेली.

आरतीने मान वळवली. आतल्या खोलीत आशाबाई भिंतीकडे तोंड करून झोपल्या होत्या. उशाशी चष्मा. त्याच्या काडीलाही पांढरा दोरा होता. तिनेच बांधलेला.

दोऱ्याने चष्मा पुष्कळ लोक बांधतात, तिने स्वतःला समजावलं आणि लिहिलं, 'व्हिडिओ कॉलवर वस्तू दाखवा.'

कॉल आला. चेहरा दिसेना. दिसत होती नुसती खुर्चीची पाठ, आणि मागे एक बिनखिडकीची भिंत.

"पाहून घ्या, ताई." बाईचा आवाज स्वच्छ होता, शहरी, जराही चढउतार नसलेला.

कॅमेरा हळूहळू फिरून पुढे आला. खुर्चीत आशाबाई बसल्या होत्या. अंगावर आज सकाळी नेसलेलं जांभळं लुगडं. कपाळाला घामाने चिकटलेले केस. त्यांनी डोळे बारीक करून पाहिलं.

"आरती? कावून आनलं वं मले इथं?"

आरतीने पुन्हा आतल्या खोलीत पाहिलं. पलंगावर ती जांभळी पाठ तशीच होती. श्वासाबरोबर वर-खाली होत होती.

"वस्तू चालू स्थितीत आहे," बाई म्हणाली. "पण तुमच्यापेक्षा वरची बोली आली आहे. पैसे आत्ता भरावे लागतील. खातं पाठवते."

"कोण तुम्ही? माझ्या आईचे फोटो कुठून काढले?"

"भरताय का?"

आरतीने कॉल तोडला. तिने गजेंद्रला फोन लावला आणि कसंबसं सगळं सांगितलं.

"ताई, एक रुपया भरू नको," तो ओरडलाच. "फोटोवरून चालतं-बोलतं मानूस बनवून राहिले हे लोक. आवाजबी बनवतात. आई कुठी आहे?"

"घरातच. झोपून आहे."

"मंग झालं तं! भेव दाखवून लुटाचे धंदे आहेत हे. मेसेजचे स्क्रीनशॉट काढ, सायबरवाल्यायच्या १९३० ले फोन लाव अन् नंबर ब्लॉक कर."

एवढ्या वेळात मेसेज येऊन पडले होते. 'ताई, बोली वाढली.' खाली फोटो: खुर्चीचे हात घट्ट धरलेली म्हातारी बोटं. 'ताई, तुम्हाला नको का?' खाली आणखी एक फोटो: आशाबाईंचं तोंड उघडं होतं. त्या हाक मारत होत्या.

आरतीने स्क्रीनशॉट काढले. हेल्पलाइनला फोन लावून तक्रार नोंदवली. पुरावा हाताशी होता, खात्यातला पैसा जागच्या जागी होता. ब्लॉकचं बटण दाबणार, एवढ्यात शेवटचा मेसेज आला.

'आपण माघार घेतलीत. वस्तू वरच्या बोलीला दिली.'

तिने बटण दाबलं.

मोबाइल पालथा ठेवला. मग हायसं वाटलं. गजेंद्र फसला होता, ती फसली नव्हती. तिने उठून चहा टाकला.

मागे पावलं वाजली. आशाबाई आतून आल्या. भिंतीला हात न लावता. ताठ.

सोफ्याच्या कडेला त्या अवघडून बसल्या. दोन्ही खांद्यांवरून पदर घेतला. आरतीने दिलेला कप दोन्ही हातांनी धरला.

"आई, गुडघे दुखून नाही राहिले का आज?"

आशाबाईंनी घर न्याहाळलं. फ्रिज, कूलर, दारामागच्या चपला. मग ओळखदेख नसलेल्या माणसाकडे पाहून हसावं, तशा हसल्या.

"छान झालाय चहा, ताई," त्या म्हणाल्या. "तुमच्या आई कुठे असतात?"