पंचेचाळीस किलोंचं निमित्त

त्यांची ओळख झाली ती कान तपासायच्या पेटीत. पेटी फ्रिजपेक्षा जराशी मोठी, तीन बाजूंनी स्पंज, चौथ्या बाजूला काच. आत कानांवर हेडफोन लावून तो. बाहेर बटणांपुढे ती. तो लिफ्ट दुरुस्त करायचा आणि त्याचे कान शाबूत आहेत ना, हे कंपनी वर्षातून एकदा बघून घ्यायची.

“बीप ऐकू आलं की बटण दाबा.”

त्याने लगेच दाबलं.

“अहो, मी अजून काही वाजवलंच नाहीये!”

“ते माहितीय. पण मागे कुठेतरी घूं... असं येतंय. आमच्या मशीनला अस्संच यायचं. मोटरखालचं रबर बदललं, गेलं.”

“कुठलं मशीन?”

“रेकॉर्ड कापायचं. मामाचं होतं. आता विकायचंय.”

तपासणी तिथेच संपली. त्याचा डावा कान आजतागायत तपासायचा राहिलाय.

रेकॉर्ड ऐकणारे पैशाला पासरी मिळतात. पण कोऱ्या तबकडीवर आपल्या हाताने आवाज कोरायचा, हे वेड तिला बाराव्या वर्षापासून. आणि असं मशीन चांगल्या स्थळासारखं असतं – आपल्याला कळेपर्यंत कुणीतरी पटकावलेलं.

रविवारी ती त्याच्या खोलीवर हजर. टेबलावर मशीन! जाड लोखंडी थाळी, वर आडवा दांडा, दांड्यावरून सरकणारं डोकं आणि डोक्याखाली केसाएवढी सुई. वजन पंचेचाळीस किलो. तिला हात मागे बांधून उभं राहावं लागलं. नाहीतर मशीनला मिठीच मारली असती.

‘घेतलं!’ असं म्हणायचं होतं. पण त्याने तिच्यासाठी स्टूल स्वतःच्या रुमालाने पुसलं... आणि ती म्हणाली, “विचार करून सांगते.”

मग ती पाच रविवार विचार करत राहिली. ज्यांची उत्तरं तोंडपाठ होती, असले प्रश्न ती विचारायची. तोही मशीनला नसलेले रोग सांगायचा.

“उन्हाळ्यात जरा रुसतं.”

“मशीन?”

“हो. स्वभाव आहे.”

“मशीनचा, की मालकाचा?”

“मालक बारा महिने गरीब आहे हो बिचारा.”

पाचव्या रविवारी दोघांनी मशीनची उंची तिसऱ्यांदा मोजली. वाढली नव्हती.

सहाव्या रविवारी तिच्या दादाचा धीर सुटला. “एवढ्या वेळात लोक घर घेऊन, रंगवून, विकतात!” असं म्हणत तो टेम्पोच घेऊन आला आणि खाली हॉर्न वाजवत बसला.

लिफ्टवाल्याचा चेहरा उतरला. “नेणारच का? मग... एक तबकडी कापून दाखवा. मामाची अट आहे. जमलं तर मशीन तुमचं. फक्त हँडल थांबवायचं नाही. थांबलं, की डोकं पुढे सरकत नाही आणि सुई जागच्या जागीच गोल रेघ मारते.”

जमलं नाही तर मशीन गेलं, जमलं तर रविवार गेले. तिने माइक चालू केला, सुई टेकवली, हँडल फिरवू लागली. तबकडीतून काळा, तलम धागा कुरळा होत वर यायला लागला. तो सुईत अडकू नये म्हणून लिफ्टवाला ब्रशने बाजूला सारत होता. त्याची बोटं तिच्या बोटांपासून एका धाग्याच्या अंतरावर...

“बोला काहीतरी,” तो म्हणाला.

“काय बोलू? कापतंय! खरंच कापतंय हो!”

खाली हॉर्न.

“पुन्हा याल ना? काही बिघडलं तर?”

“कुठे बिघडतंय? लोण्यासारखं चाललंय.”

ब्रश थांबला. माइक चालू आहे हे तो साफ विसरला होता.

“नको नेऊस ना,” तो हळूच म्हणाला. “नेलंस, तर तू कशाला येशील?”

शेवटच्या दोन शब्दांआधीच तिचा हात हँडलवर थिजला होता. थाळीने एक फेरी घेतली, मग कुठे तिने दचकून सुई उचलली.

“वाजवून बघू,” ती म्हणाली.

आधी तिचं किंचाळणं, मग हॉर्न, मग सगळं त्याचं बोलणं – आणि शेवटच्या रेघेत सुई अडकली.

“...कशाला येशील? ...कशाला येशील? ...कशाला येशील?”

कानाच्या पाळ्यांपर्यंत तो लाल झाला. तेवढ्यात दादा टेम्पोवाल्याला घेऊन दारात.

“काय चाललंय? उचलायचं का?”

“नापास झाले मी, दादा!” पहिला नंबर आल्यासारखी ती ओरडली. “हँडल थांबलं. आता दर रविवारी सरावाला यावं लागणार.”

“मशीनसाठी?”

“...कशाला येशील? ...कशाला येशील?” तबकडीने विचारलं.

तिने लिफ्टवाल्याकडे पाहिलं. “तुझ्यासाठी,” ती म्हणाली. “आणि मशीन माझंच आहे, विसरू नकोस. फक्त राहील इथे.”

टेम्पोवाल्याने दादाकडे पाहिलं. “साहेब, खाली काय न्यायचं मग?”

“मला,” दादा म्हणाला. “हळू न्या. धक्का बसलाय.”