जानकीबाईंचे नऊ बोटांचे पाय

परीक्षेच्या सकाळी पांढऱ्या गणवेशात उत्तरा सासूच्या पाया पडायला वाकली, आणि गेली दोन वर्षं जे होत होतं तेच झालं... जानकीबाईंचे पाय लुगड्याच्या आत गुप्त झाले.

"लावू नको गो. खय खय लागतत तुझे हात, देव जाणे."

जोगेश्वरीच्या त्या दीड खोलीत सुनेच्या नर्स असण्याला कुणाची ना नव्हती. सासऱ्यांची, गुणाजींची, गिरणी बंद पडल्यापासून चूल तिच्याच पगारावर पेटत होती, आणि पेटत्या चुलीशी वाद घालण्याइतकं तत्त्वनिष्ठ घरात कोणी नव्हतं. बिनसलं ते तिने विद्यापीठाच्या पदवीला नाव घालून वृद्धांची शुश्रूषा हा खास विषय घेतला तेव्हा. म्हातारपण आपोआप येतं, त्यात शिकायचं काय, असं चाळीचं एकमत होतं.

"घरात दोन म्हातारी जिती आसत," जानकीबाई म्हणाल्या होत्या, "आणि ही परक्या म्हाताऱ्यांका न्हाणूक शिकता."

त्या दिवसापासून त्यांनी पाय आवरले. गुणाजी वर्तमानपत्रामागे तटस्थ राहिले.

तो नाकारलेला नमस्कार उत्तराच्या अंतःकरणात रोज नव्याने रुतत असे. वॉर्डातल्या किती परक्या म्हाताऱ्यांची पावलं तिने ओंजळीत धरली, बोटांच्या बेचक्या तपासल्या, तेल चोळलं. त्यांनी थरथरत्या हातांनी तिला तोंडभरून आशीर्वाद दिले... आणि ज्या दोन पावलांसाठी जीव तळमळे, तीच तिला पारखी!

डोळे पुसून तिने पिशवी उचलली आणि तिची नजर फरशीवर गेली. जानकीबाई नुकत्याच मोरीतून न्हाऊन देवापाशी गेल्या होत्या. ओली पावलं उमटली होती. उजवं स्वच्छ होतं. डाव्याच्या करंगळीपाशी पाणी तांबूस होतं.

"आई, पाय दाखवा."

"परीक्षेक जा. उशीर होता."

"दाखवा म्हणते ना."

"दुखणा नाय, खुपणा नाय. काय बघतलंस?"

दुखत नाही, हे ऐकूनच उत्तराने पिशवी खाली टाकली. कडक इस्त्रीच्या गणवेशानिशी ती फरशीवर बसली आणि न विचारता सासूचं पाऊल तिने मांडीवर ओढलं. करंगळीपाशी नवी चप्पल चावून झालेली, महिन्याभराची काळी जखम होती. कळ न देता आत आत गेलेली.

परीक्षा अकराला होती. अकराला उत्तरा इस्पितळात सासूच्या रक्तातल्या साखरेच्या रिपोर्टची वाट पाहत होती. करंगळी गेली, पाऊल वाचलं. "आणखी दोन दिवसांनी आला असतात, तर गुडघ्याखाली काही राहिलं नसतं," डॉक्टर म्हणाले. "आणि हिची आज परीक्षा होती?"

जानकीबाईंनी तोंडाला पदर लावला. चाळीच्या स्मरणात असं प्रथमच घडलं.

सहा महिन्यांनी पुन्हा परीक्षा आली. वॉर्डात उत्तराला नेमून दिलेल्या खाटेवर जानकीबाई ठाण मांडून बसल्या होत्या. पाय दाखवायला आल्या होत्या, आणि आता उतरायला तयार नव्हत्या.

परीक्षक वसुधाबाईंनी विचारलं, "ही तुमची कोण?"

"माझी सून. नर्स आसा, इद्यापीठाची."

"नातेवाईक चालत नाहीत, आजी."

"मी नातेवाईक नाय. मी पेशंट आसंय. केसपेपर बघा."

केसपेपर खरा होता. वसुधाबाईंनी सुस्कारा सोडला. "बरं. उत्तरा, वृद्ध रुग्णाला कुठून तपासायला घेशील?"

"पायांपासून."

ती वाकली. आता पाय मागे जाणार, या सवयीने तिचे हात क्षणभर अडखळले... पण पाय पुढे आले, नऊच्या नऊ बोटांनिशी. हात लागताच जानकीबाईंचा तळवा तिच्या खळ घातलेल्या टोपीवर पडला, टोपी तिरकी झाली, आणि अडीच वर्षांचे तुंबलेले आशीर्वाद एकामागून एक सुरू झाले. वसुधाबाईंनी दोनदा घड्याळ पाहिलं. मग त्यांनी लिहिलं.

"काय लिवलात?"

"रुग्णाचे सहकार्य उत्तम."

"त्या एका कागदावर लिवून माका देवा," डोळे पुसत जानकीबाई म्हणाल्या. "आमच्या म्हाताऱ्याक खरा वाटूचा नाय."

उत्तराची पदवी ट्रंकेत आहे. भिंतीवर देवांच्या शेजारी काचेत आहे तो कागद. येणाऱ्या-जाणाऱ्याला जानकीबाई तो वाचायला लावतात. पण आधी डावा पाय पुढे करतात.