एक्केचाळीस वेळा

नाथाजीला फोन केला तेव्हा संयोगिताला काही विशेष वाटलं नव्हतं. घरातलं एक यंत्र बिघडलंय, ते दुरुस्त करून घ्यायचं, एवढंच. ऑगस्ट संपत आला होता. पाचगणीवर आठ दिवस धुकं ठाण मांडून बसलं होतं. अंगणातली सिल्व्हर ओकची झाडं सकाळी दिसायची नाहीत ती संध्याकाळीही दिसायची नाहीत. अशा दिवसांत घर थोडं उबदार असलं तर बरंच वाटतं. पण तिच्या घरात गेले नऊ दिवस चैत्र-वैशाखासारखं उकडत होतं, आणि काही केल्या ते थांबत नव्हतं.

घर तिच्या नवऱ्याने, ऋषिराजने बांधलेलं. तो सैन्यात मेजर. लडाखची थंडी अंगावर काढलेला माणूस. वडील गेल्यावर त्याने आईला, बनुबाईंना, उंब्रजहून इकडे आणलं. जन्मभर उसाच्या फडात आणि चुलीपाशी वावरलेल्या बनुबाईंना पाचगणीची हवा सोसेना, म्हणून त्याने घरभर गरम पाण्याचे नळ फिरवून घेतले. घरामागच्या खोलीत बॉयलर, प्रत्येक खोलीच्या भिंतीला त्या पाण्याने तापणारा लोखंडी पत्रा, आणि हे सगळं सांभाळायला बनुबाईंच्या खोलीबाहेर भिंतीवर बसवलेली काचेची गोल चकती. हाताने फिरवली की उष्णता कमीजास्त व्हायची, नाहीतर फोनवरूनही करता यायची. मराठी शाळेत चार इयत्ता शिकलेल्या बनुबाई ती चकती दोन दिवसांत शिकल्या होत्या.

बनुबाई जानेवारीत गेल्या. तेव्हापासून त्यांची खोली बंदच होती.

नाथाजी साताऱ्याहून दुपारी आला. पन्नाशी ओलांडलेला, मोजकं बोलणारा माणूस. ही सगळी जोडणी त्यानेच केली होती. त्याने रेनकोट दारात झटकला, आत पाऊल टाकलं आणि जागीच थांबला.

“लय गरम हाय की,” तो म्हणाला.

संयोगिताने त्याला झालं ते सांगितलं. फोनवरून सोळा अंश केलं की सोळा दिसतं. पहाटे उठावं तर चकतीवर एकतीस. इंटरनेट बंद करून पाहिलं, चकती बंद करून पुन्हा चालू केली, फोनवरचं ॲप दोनदा काढून नव्याने टाकलं. पहाट झाली की एकतीस. साहेब आज संध्याकाळी सुट्टीवर येतायत, त्याआधी हे व्हायला हवं, असंही तिने सांगितलं. साहेब येण्याआधीच का व्हायला हवं, हे मात्र तिने सांगितलं नाही. तिचं तिलाही ते नीटसं माहीत नव्हतं.

नाथाजीने आधी घरामागे जाऊन बॉयलरचा खटका पाडला. मग येऊन तिला समजावलं, की चकती नुसता हुकूम देते, आग तिकडे असते. आग विझली की अर्ध्या तासात पत्रे गार पडतील.

ते अर्धा तास बसले. बाहेर धुक्यातून थेंब गळत होते. तिने चहा केला. दिवाणखान्याचा पत्रा निवला, स्वयंपाकघरातला निवला. नाथाजी एकेका पत्र्याला हात लावत पुढे गेला आणि बनुबाईंच्या दारापाशी येऊन म्हणाला, “ही खोली उघडा जरा.”

तिने कुलूप काढलं. आतून ऊब तोंडावर आली, आणि त्या उबेसोबत तापलेल्या वेखंडाचा वास. बनुबाई रोज रात्री तळपायांना वेखंड उगाळून लावायच्या. गादी गुंडाळलेली, खिडकी बंद, सगळं होतं तसंच. नाथाजीने भिंतीच्या पत्र्याला बोट लावलं आणि झटकन मागे घेतलं. मग वाकून नळाची चावी तपासली.

“चावी बंद हाय,” तो हळूच म्हणाला. “पानीच येत न्हाई हितं.”

तरी त्याने हार मानली नाही. कुठेतरी तार चिकटली असेल, म्हणाला. चकती भिंतीवरून उतरवून त्याने मेजावर ठेवली, पिशवीतून लॅपटॉप काढून तिला वायर जोडली. चकतीच्या पोटात सगळी नोंद राहते, हे संयोगिताला तेव्हा पहिल्यांदा कळलं. फोनवर आठवडाभराचंच दिसतं. चकती मात्र बसवल्या दिवसापासूनचं सगळं जपून ठेवते. किती अंश, किती वाजता, कुणी बदललं, फोनवरून की हाताने.

ते ऐकून तिने खुर्ची लॅपटॉपजवळ ओढली.

नोंदी इंग्रजीत होत्या. नाथाजी त्या आपल्या बोलीत वाचत होता. गेले नऊ दिवस, पहाटे चार चाळीसला, हाताने, एकतीस. चकतीला आकड्यांचं कुलूप आहे, मग हाताने कशी फिरते, असं तो स्वतःशीच पुटपुटला. कुलूप कुणी लावलं ते बघायला तो मागे जाऊ लागला. जून, एप्रिल, फेब्रुवारी.

कुलूप संयोगितानेच लावलं होतं. गेल्या डिसेंबरात. सासूला ती आत्याबाई म्हणायची. आत्याबाई उठता-बसता चकती तिसावर न्यायच्या, आणि शाळेत शिकवून दमून आलेल्या संयोगिताचा जीव घाबरा व्हायचा. दोनदा सांगितलं, तिसऱ्यांदा बोलाचाली झाली, आणि चौथ्यांदा तिने काही न बोलता फोनवरून चकतीला कुलूप घातलं. आकडे घातल्याशिवाय हाताने फिरणार नाही असं. आत्याबाईंना वाटलं यंत्र बिघडलं. संयोगिताने त्यांना तसं वाटू दिलं.

“चौदा जानेवारी,” नाथाजी वाचत होता. “सांजचं पाच वाजून धा मिन्टं. फोनवरनं. घर रिकामं हाय, हीटिंग बंद.”

त्या संध्याकाळी ती सांगलीला निघाली होती, भाचीच्या लग्नाला. तीन दिवस. निघताना आत्याबाईंशी पुन्हा शब्दाला शब्द लागला होता. गाडी घाट उतरत असताना फोनवर प्रश्न उमटला: घरी कुणी नाही असं दिसतंय, हीटिंग बंद करू का? आणि तिने ‘हो’ दाबलं. सवयीने दाबलं, असं ती पुढे स्वतःला सांगत आली. पण दुसऱ्या दिवशी रात्री, हळदीच्या मांडवात, फोनवर सूचना आली होती, खोलीत अकरा अंश. ती सूचना तिने वाचली होती. त्यानंतर आत्याबाईंचा फोनही आला होता. “सूनबाई, ही चकती ऐकंना गं. पाय बधिर झाल्यात माजे.” ती म्हणाली होती, स्वेटर घाला, आल्यावर बघते. एक दिवस कळू दे, असं तिच्या मनात आलं होतं. शब्द न् शब्द तिला आठवत होता. मग कुणीतरी तिच्या गालाला हळद लावली आणि ती हसत उठून गेली.

“घर रिकामं हुतं म्हनतंय ह्ये,” नाथाजीचा आवाज खाली आला. “मग चकतीला हात कुनी लावला?”

पडद्यावर ओळीखाली ओळ होती. पंधरा जानेवारी, रात्री नऊ. हाताने. नाकारलं. नऊ वाजून चार मिनिटं. हाताने. नाकारलं. दहा, साडेदहा, अकरा. मध्यरात्रीनंतर दर सात-आठ मिनिटांनी. नाथाजीचं बोट ओळींवरून सावकाश खाली सरकत होतं. शेवटची ओळ पहाटे चार चाळीसची.

“एक्केचाळीस येळा,” तो म्हणाला.

भामाबाई सकाळी कामाला आली तेव्हा बनुबाई चकतीखाली जमिनीवर बसलेल्या होत्या, भिंतीला पाठ लावून. साताऱ्याला दवाखान्यात चार दिवस काढले. डॉक्टर म्हणाले न्यूमोनिया, वयही झालेलं. ऋषिराज विमानाने आला, आईचे पाय चोळत बसला. संयोगिता पायाशी उभी होती. सगळे म्हणाले, सुनेनं फार केलं.

“मांजर असेल,” ती नाथाजीला म्हणाली.

आपल्याच तोंडून ते शब्द ऐकून तिची मान खाली गेली. नाथाजीने तिच्याकडे पाहिलं नाही. याच घरात, याच मेजावर बनुबाईंनी त्याला भाकरी-पिठलं वाढलं होतं, जोडणीच्या दिवसांत.

“सायेब आले की चकती बघत्याल,” शेवटी तो म्हणाला. “त्यास्नी ह्यातलं कळतंय. ...ही नोंद मला पुसता येती, मॅडम. तुमी म्हनाल तसं.”

तो हे चांगुलपणाने म्हणतोय की तिला आजमावतोय, हे तिला कळेना. पण उत्तर द्यायला तिला वेळ लागला नाही, आणि नंतर तिला सगळ्यात जास्त लाज त्याचीच वाटत राहिली.

“पुसा,” ती म्हणाली.

नाथाजीने पुसलं. पडदा कोरा झाला. त्याने वायर काढायला हात पुढे केला.

कट्.

चकतीतून आवाज आला. एरवी फिरवल्यावर यायचा तेवढाच, नखाने नख उडवावं तसा. कोऱ्या पडद्यावर एक ओळ उमटली. आजची तारीख, आत्ताची वेळ. हाताने. नाकारलं.

चकती मेजावर होती. दोघांचे हात आपापल्या मांडीवर होते.

कट्... कट्...

ओळींवर ओळी येत राहिल्या. धुकं काचांना चिकटून उभं होतं, घरात दुपारीच अंधारलं होतं आणि पडद्याचा निळा उजेड नाथाजीच्या चेहऱ्यावर हलत होता. त्याचे ओठ हलत होते. तो मोजतोय हे तिला कळलं. कारण तीही मोजत होती. मध्ये एकदा आवाज थांबला, जणू कुणी दम खायला टेकलं. मग पुन्हा सुरू झाला. वेखंडाचा वास आता मेजापर्यंत आला होता. एक्केचाळिसाव्या आवाजानंतर सगळं शांत झालं.

नाथाजीने लॅपटॉप मिटला. चकती तिथेच राहू दिली. दारात पायताण घालताना तो एवढंच बोलला, “माज्या हातनं हे व्हायचं न्हाई, मॅडम. हे... तुमचं तुमीच बंद करा.”

ऋषिराज दिवेलागणीला पोचला. बॉयलर बंदच होता, तरी घर पुन्हा तापलेलं होतं. भिजलेले बूट काढता काढता त्याने हात चोळले आणि प्रसन्न होऊन म्हणाला, “किती ऊब ठेवलीयस गं. आई असती तर खूश झाली असती.”

चहाचा कप तिच्या हातात होता. तो तिने खाली ठेवला आणि उभ्याउभ्याच सांगायला सुरुवात केली. कुलपापासून. घाटातला ‘हो’, हळदीच्या मांडवातली सूचना, आत्याबाईंचा फोन, स्वेटर घाला. भामाबाईला यंत्र बिघडल्याचं सांगितलं, डॉक्टरांना तेही सांगितलं नाही. आज दुपारी काय पुसायला लावलं तेही. रडून सुटका करून घ्यायची नाही, असं तिने ठरवलं होतं, आणि ती रडली नाही. बोलता बोलता तिला जाणवलं की कपाळावरचा घाम सुकतोय.

तिचं बोलणं संपल्यावर त्याने एकच विचारलं.

“किती वेळा म्हणालीस?”

“एक्केचाळीस.”

तो उठला, आईच्या खोलीत गेला. तिने दारातून पाहिलं. त्याने पत्र्यावर तळहात टेकवला होता आणि काढला नाही. पत्रा गार होत चालला होता. घरभर लोखंड आकसल्याचे बारीक आवाज येत होते.

“मी इथंच झोपणार आहे,” तो पाठमोराच म्हणाला. “तू जा.”

ती गेली. झोप येणार नव्हतीच. स्वयंपाकघरातल्या खुर्चीत ती उजाडेपर्यंत बसून राहिली, जागची हलली नाही. घर थंड होत गेलं तसं तिला काहीसं हलकं वाटत गेलं. शिक्षा मिळेल ती मिळेल, पण आता लपवायला काही उरलं नाही, असं तिला वाटलं.

सकाळी ती चहा घेऊन गेली तेव्हा ऋषिराज गादीवर गुडघे पोटाशी घेऊन बसला होता. अंगात फक्त बनियन. ओठ निळे पडले होते. लडाखमध्ये तीन हिवाळे काढलेला तो माणूस थरथरत होता.

“रात्री जा म्हणालो म्हणून मला शिक्षा करायची तर तशी कर, संयू,” तो म्हणाला. “पण ते काय चाललं होतं रात्रभर?”

तिला कळलं नाही.

“माझ्या अंगावरचा रग ओढत होतीस. मी ओढून घेतला की पुन्हा ओढायचीस. एक शब्द बोलली नाहीस. आणि हात किती गार गं तुझे... लाकडासारखे.”

मी आले नव्हते, हे शब्द तिच्या ओठांवर होते. तिने त्याच्याकडे पाहिलं. एका रात्रीत दहा वर्षांनी म्हातारा झाल्यासारखा तो दिसत होता. आपण नव्हतो म्हटलं तर मग कोण होतं, हे त्याला स्वतःलाच विचारावं लागलं असतं.

“चुकलं माझं,” ती म्हणाली. “मीच होते.”

त्याने मान हलवली. चहाचा घोट घेतला, पण कप त्याच्या हातात ठरेना. तिने रग घालायला म्हणून इकडेतिकडे पाहिलं. गादीवर नव्हता. पलंगाखाली नव्हता. तोही उठून शोधायला लागला. सैन्यातला जाड, करडा रग, लपवायचा म्हटला तरी लपणार नाही एवढा. कपाट उघडून झालं, माळा पाहून झाला, बॉयलरची खोली पाहून झाली. घराच्या दारांच्या कड्या रात्रभर आतून लावलेल्या होत्या, खिडक्या काल लावल्या तशाच होत्या.

शेवटी तो खोलीच्या मधोमध उभा राहिला, दोन्ही हातांनी स्वतःला कवटाळून.

“संयू,” त्याने विचारलं, “कुठं ठेवलास गं रग?”